प्रवासाआधीचा पोलिओ डोस नेमका कुणासाठी?

फेब्रुवारी २०२२मध्ये आफ्रिकेतल्या मलावी या देशानं पोलिओचा उद्रेक जाहीर केला. राजधानी लिलाँग्वेमधल्या तीन वर्षांच्या एका मुलीला त्याआधीच्या नोव्हेंबरात लुळेपणा आला होता. तपासणीत सापडला तो पोलिओ विषाणूच्या तीन प्रकारांपैकी प्रकार १चा वाइल्ड विषाणू, म्हणजे लशीतून न आलेला, निसर्गातला मूळ विषाणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आफ्रिका विभागाला वाइल्ड पोलिओपासून मुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळून तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. विषाणूची जनुकीय जुळणी केली तेव्हा तो पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात २०१९ साली सापडलेल्या विषाणूच्या कुळातला निघाला. सिंध ते लिलाँग्वे हे हजारो किलोमीटरचं अंतर त्यानं कुणाच्या तरी पोटातून कापलं होतं आणि मधली दोन वर्षं तो कुणाच्याही नजरेस न पडता माणसामाणसांतून फिरत राहिला होता. पुढे त्याच वर्षी तो शेजारच्या मोझांबिकमध्येही पोचला.

विषाणू घेऊन आलेला माणूस कोण, हे शोधण्यात अर्थ नाही. बहुधा तो ठणठणीत होता. ताप नाही, अंगदुखी नाही. आपण काही घेऊन आलो आहोत याची त्याला गंधवार्ताही नसणार. परदेशी जाणाऱ्यांना दिला जाणारा पोलिओ लशीचा सल्ला मी वाचतो तेव्हा मला हा माणूस आठवतो, कारण त्या सल्ल्यात तो कुठेच नसतो. ‘तुम्ही जात आहात त्या देशात पोलिओचा धोका आहे, स्वतःच्या संरक्षणासाठी बूस्टर डोस घ्या’ असं तिथे लिहिलेलं असतं. हे खोटं नाही. पण या सल्ल्याचा जो खरा गाभा आहे तो यात येतच नाही, आणि तो न सांगितल्यामुळेच लोक हा डोस टाळतात असं माझं मत आहे.

पोलिओचा विषाणू तोंडावाटे शरीरात जातो, आतड्यात वाढतो आणि विष्ठेतून कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. लागण झालेल्या दर १०० जणांपैकी सुमारे ७० जणांना कसलाही त्रास होत नाही. साधारण पाव भाग लोकांना ताप, घसादुखी, डोकेदुखी असं काहीतरी होतं आणि चार दिवसांत जातं. ज्या लुळेपणामुळे आपण या रोगाला ओळखतो, तो प्रकार १च्या विषाणूत साधारण २०० लागणींमागे एकाला येतो. प्रकार २मध्ये तर सुमारे २००० लागणींमागे एकाला. म्हणून कुठेही एक मूल लुळं पडल्याची नोंद होते तेव्हा त्यामागे शेकडो, कधी हजारो लोक विषाणू बाळगून हिंडत असतात. देवी या रोगात प्रत्येक रुग्ण अंगावरच्या फोडांवरून ओळखू यायचा, त्यामुळे त्याच्याभोवती कुंपण घालता आलं. पोलिओत कुंपण घालायचं कुणाभोवती?

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड परगण्यात २०२२च्या उन्हाळ्यात नेमकं हेच दिसलं. लस न घेतलेल्या एका तरुण व्यक्तीला लुळेपणा आला. कारण होतं प्रकार २चा, लशीतल्या विषाणूपासून उद्भवलेला पोलिओ विषाणू. लागण होण्याच्या काळात ही व्यक्ती देशाबाहेर गेलीच नव्हती. लंडनच्या आणि जेरुसलेमच्या सांडपाण्यात सापडलेल्या विषाणूंशी हा विषाणू जनुकीय नात्यानं जोडलेला होता. तीन खंडांतली तीन ठिकाणं एका धाग्यानं जोडणारे प्रवासी किती होते, कोण होते, याचा हिशेब लागला नाही, लागणारही नव्हता. त्यांच्यापैकी कुणी आजारी पडल्याचं दिसलं नाही. जी व्यक्ती आयुष्यभराचं अपंगत्व घेऊन बसली, ती प्रवासी नव्हतीच.

लशीतल्या विषाणूपासून उद्भवलेला पोलिओ, हे शब्द वाचून अनेकांच्या मनात किंतू येतो. तो मी बाजूला सारणार नाही, कारण तो रास्त आहे. तोंडी लशीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो लस घेतलेल्या बाळाच्या आतड्यात काही काळ वाढतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. आसपासच्या बहुतेक मुलांनी लस घेतलेली असेल तर त्याचा प्रवास तिथेच संपतो. पण लसीकरण जिथे विरळ आहे, तिथे तो एका मुलातून दुसऱ्यात असा महिनोन्‌महिने फिरत राहतो, बदलत जातो आणि अखेर लुळेपणा आणण्याची जुनी ताकद कमावतो. म्हणजे या उद्रेकांचं मूळ लस घेतलेल्या मुलात कमी आणि त्याच्याभोवतीच्या लस न मिळालेल्या मुलांमध्ये जास्त आहे. वाइल्ड प्रकार २ जगातून गेल्याचं सप्टेंबर २०१५मध्ये जाहीर झालं. त्याचा शेवटचा रुग्ण १९९९ साली भारतात अलिगढला सापडला होता. त्यामुळे एप्रिल २०१६मध्ये जगभर तोंडी लशीतून प्रकार २ काढून टाकला गेला. निर्णयामागचा तर्क बरोबर होता, पण काही भागांत लशीतला प्रकार २ आधीच फिरत होता आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या आतड्यात त्याला अडवणारं काही उरलं नाही. आजच्या बहुतेक उद्रेकांची कहाणी इथून सुरू होते. त्यावर उपाय म्हणून जनुकीयदृष्ट्या जास्त स्थिर अशी प्रकार २ची नवी तोंडी लस तयार झाली आणि मार्च २०२१पासून ती उद्रेकांत वापरली जाते आहे. प्रवाशाच्या बाबतीत मात्र या किंतूचं उत्तर सोपं आहे. इंजेक्शनच्या लशीतला विषाणू मारलेला असतो. तो वाढत नाही, पसरत नाही, बदलत नाही.

दोन लशींमधला दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे आणि प्रवाशाला तो कुणी समजावून सांगत नाही. इंजेक्शनची लस रक्तात प्रतिपिंडं तयार करते. विषाणू मज्जासंस्थेपर्यंत पोचत नाही, लुळेपणा टळतो. पण ज्यानं फक्त हीच लस घेतली आहे त्याच्या आतड्यात विषाणू वाढायला फारशी आडकाठी होत नाही. असा माणूस स्वतः पूर्ण सुरक्षित राहून विषाणू घरी आणू शकतो. तोंडी लस आतड्यातही पहारा बसवते.

हे पुस्तकातलं तत्त्व प्रत्यक्षात कसं दिसतं ते २०१३ साली इस्राएलमध्ये दिसलं. त्या देशानं २००५पासून फक्त इंजेक्शनची लस ठेवली होती आणि लसीकरणाचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर होतं. तरीही दक्षिणेतल्या रहाट या गावाच्या सांडपाण्यात प्रकार १चा वाइल्ड विषाणू सापडला आणि मग इतर ठिकाणीही सापडत गेला. एकही मूल लुळं पडलं नाही. सांडपाणी तपासण्याची सोय नसती तर कुणाला काही कळलंच नसतं आणि लसीकरण कमी असलेल्या कुठल्यातरी ठिकाणी तो पोचेपर्यंत सारं आलबेल वाटलं असतं. तिथल्या आरोग्य खात्यानं त्या ऑगस्टपासून, आधीच पूर्ण लस घेतलेल्या मुलांना तोंडी लस पाजायला सुरुवात केली. आईवडिलांनी विचारलं, आमचं मूल सुरक्षित आहे ना, मग हे थेंब कशाला? आणि त्यांना खरं उत्तर मिळालं, की हे थेंब तुमच्या मुलासाठी कमी, इतरांसाठी जास्त आहेत. वाद झाला, टीका झाली, पण बहुतेक घरांनी मुलांना लस पाजली. पुढच्या वर्षी विषाणू तिथल्या सांडपाण्यातून नाहीसा झाला. लोकांना खरं कारण सांगितलं तर ते पाठ फिरवतात, असं मानणाऱ्यांनी हा अनुभव जरूर आठवावा.

आता प्रवासाच्या नियमाकडे येऊ. ५ मे २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं पोलिओच्या फैलावाला आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी ठरवलं. तिची समिती दर काही महिन्यांनी बसते आणि २०२५मध्येही ही आणीबाणी कायम होती. इतकी लांबलेली आरोग्य आणीबाणी दुसरी नाही. ज्या देशांत वाइल्ड विषाणू, किंवा लशीतून उद्भवलेला प्रकार १ वा ३, फिरतो आहे, तिथले रहिवासी आणि तिथे चार आठवड्यांहून जास्त राहिलेले पाहुणे यांनी देश सोडण्याआधी एक डोस घ्यावा अशी शिफारस आहे. हा डोस निघण्याच्या किमान चार आठवडे आधी आणि जास्तीत जास्त बारा महिने आधी घेतलेला हवा. त्याची नोंद आंतरराष्ट्रीय लसीकरण प्रमाणपत्राच्या पिवळ्या पुस्तिकेत करायची. तातडीनं निघावं लागलं तर निदान निघेपर्यंत तरी तो घ्यायचा. जिथे प्रकार २चा उद्रेक आहे त्या देशांनी प्रवाशांना इंजेक्शनच्या डोसासाठी उत्तेजन द्यावं, एवढंच म्हटलं आहे. तिथे सक्ती सुचवलेली नाही.

यातल्या ‘बारा महिन्यां’पाशी मी थांबतो. लुळेपणापासूनचं संरक्षण पूर्ण लसीकरणानंतर कित्येक वर्षं, बहुधा जन्मभर टिकतं. प्रवाशाला वाचवणं एवढाच हेतू असता तर लहानपणीचे डोस झालेल्या माणसाकडे वर्षाच्या आतला डोस मागायचं कारणच नव्हतं. आतड्यातला पहारा मात्र लवकर ढिला पडतो. बारा महिन्यांची अट त्या पहाऱ्यासाठी आहे. ज्यांनी नियम लिहिला त्यांना हे पक्कं ठाऊक होतं की हा डोस विमानात बसणाऱ्यासाठी नसून, विमान जिथे उतरणार तिथल्या मुलांसाठी आहे. नियमात आहे ते सल्ल्यात का नसावं?

मला वाटतं, यामागे एक समजूत आहे. प्रवासी हा ग्राहक आहे आणि ग्राहकाला त्याच्या फायद्याचंच बोलावं, अशी ती समजूत. म्हणून मलेरियाच्या गोळ्या, विषमज्वराची लस, उकळलेलं पाणी यांच्याच ओळीत पोलिओ बसवला जातो आणि प्रवासी स्वतःपुरता हिशेब करतो: मी चांगल्या हॉटेलात राहणार, लहानपणी डोस झालेत, पोलिओ झालेला प्रवासी कधी पाहिला नाही, सोडून देऊ. त्याच्या जागी बसून पाहिलं तर हा हिशेब चूक नाही. प्रवाशाला लुळेपणा येण्याची शक्यता खरोखरच फार कमी असते. चूक आहे ती त्याला विचारलेल्या प्रश्नात. ‘तुम्हाला काय होईल?’ या प्रश्नाचं उत्तर ‘बहुधा काही नाही’ असंच येणार. ‘तुम्ही काय घेऊन याल आणि कुणाच्या घरी?’ हे विचारलं की हिशेब बदलतो.

यावर आक्षेप येतील. पहिला असा, की दुसऱ्याच्या भल्यासाठी मी माझ्या दंडात सुई का टोचून घ्यावी? आपण रोजच्या जगण्यात याहून मोठी बंधनं दुसऱ्यासाठी पाळतो आणि त्यांना जुलूम म्हणत नाही. इथे मागितलेली किंमत आहे दुखरा दंड आणि एक फेरी. दुसऱ्या पारड्यात जन्मभराचं अपंगत्व आहे, तेही अशा मुलाचं ज्याच्यापर्यंत लस पोचवायला त्याचा देश कमी पडला. तरीही मी सक्तीपेक्षा समजावण्याच्या बाजूनं आहे. लस नाही म्हणून कुणाला सीमेवर अडकवून ठेवणं, विशेषतः युद्धातून पळणाऱ्याला, हे मला मान्य नाही. त्याला तिथेच डोस द्यावा आणि जाऊ द्यावं. पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्यामधल्या तोरखम आणि चमन नाक्यांवर २०१९पासून सर्व वयाच्या लोकांना थेंब पाजले जात आहेत. तान्हं बाळ असो की म्हातारा, तोंड उघडायचं आणि पुढे जायचं. मोठ्या माणसाच्या पोटातूनही विषाणू सीमा ओलांडतो हे जिथे रोज अनुभवाला येतं, तिथे ही गोष्ट कुणाला पटवावी लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. प्रवाशांच्या डोसांवर शक्ती खर्च करण्यापेक्षा जिथे विषाणू आहे तिथल्या मुलांना लस द्या, विषाणूच संपवा, असं काही जण म्हणतात. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. १९८८ साली जगानं पोलिओ संपवायचं ठरवलं तेव्हा वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुलं १२५हून अधिक देशांत लुळी पडत होती. २०२१ साली वाइल्ड पोलिओचे जगभरात फक्त सहा रुग्ण होते. हे विमानतळांवर घडलेलं नाही, दारोदार फिरणाऱ्या लसीकरण कर्मचाऱ्यांनी घडवलं. पण शेवटच्या टप्प्यात घसरण किती सहज होते तेही पाहावं. २०२४मध्ये पाकिस्तानात ७४ आणि अफगाणिस्तानात २५ रुग्ण झाले. विषाणू संपेपर्यंत तो प्रवास करणार आणि तो जिथे उतरेल तिथल्या देशाला पुन्हा लाखो डोसांची मोहीम काढावी लागणार. ताजिकिस्तानात २०१० साली उत्तर प्रदेशातून आलेल्या विषाणूनं ४५०हून अधिक लोकांना लुळं केलं. युरोप विभाग २००२मध्येच पोलिओमुक्त जाहीर झाला होता आणि ताजिकिस्तान त्या विभागात मोडतं. तो आणणाऱ्याकडे ताज्या डोसाची नोंद असती तर हे टळलं असतं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. टळण्याची शक्यता वाढली असती, आणि एका डोसाच्या बदल्यात तेवढं पुष्कळ आहे.

मला स्वतःला सर्वात जास्त खुपतो तो तिसरा मुद्दा, आणि त्याची चर्चा क्वचितच होते. हा सगळा भार एकाच दिशेनं पडतो. उद्रेक असलेल्या गरीब देशातून निघणाऱ्या मजुराकडे, विद्यार्थ्याकडे पिवळी पुस्तिका मागितली जाते. श्रीमंत देशातून तिथे दोन आठवड्यांसाठी गेलेल्या आणि परतलेल्या पर्यटकावर कसलंही बंधन नाही, कारण चार आठवड्यांची मर्यादा त्याला लागू होत नाही. विषाणूला आतड्यात घर करायला चार आठवडे लागत नाहीत. शिवाय तो पर्यटक लहानपणी फक्त इंजेक्शनची लस घेतलेला असण्याची शक्यता जास्त, म्हणजे इस्राएलमध्ये जे घडलं ते घडवून आणायला तोच जास्त योग्य. २०२४च्या अखेरीस जर्मनी, पोलंड, स्पेन, ब्रिटन, फिनलंड अशा देशांच्या सांडपाण्यात प्रकार २चा विषाणू सापडला. त्यामुळे पोलिओ ‘तिकडून’ येतो ही भाषा आता तरी सोडायला हवी. अल्प मुदतीच्या प्रवाशालाही निघण्याआधी तोच प्रश्न विचारावा, तोच डोस सुचवावा, आणि हा डोस जिथे विकत घ्यावा लागतो तिथे तो सरकारनं फुकट द्यावा. समाजाच्या संरक्षणासाठी मागितलेल्या गोष्टीचं बिल एकट्या प्रवाशाच्या हाती देणं न्यायाचं नाही.

कोणती लस, यावरही थोडं स्पष्ट बोलायला हवं. ज्यांनी लहानपणी तोंडी लस घेतली आहे त्यांना इंजेक्शनचा एक डोस आतड्यातल्या पहाऱ्यासाठीही उपयोगी पडतो. भारतात मुरादाबाद जिल्ह्यात झालेल्या आणि २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की अनेकदा तोंडी थेंब घेतलेल्या मुलांमध्ये इंजेक्शनच्या एका डोसानं ही ताकद आणखी एका तोंडी डोसापेक्षा जास्त वाढली. शिवाय इंजेक्शनच्या लशीत तिन्ही प्रकार असतात. नेहमीच्या तोंडी लशीत आता प्रकार २ नाही. ज्यांनी आजवर फक्त इंजेक्शनच घेतलं आहे त्यांच्या बाबतीत आणखी एक इंजेक्शन आतड्यासाठी फार काही करत नाही, हे प्रवास-आरोग्याच्या पत्रकांनी कबूल करायला हवं. अशा माणसाचा मुक्काम उद्रेकाच्या भागात लांबणार असेल तर तिथे उपलब्ध असलेली तोंडी लस परतण्याच्या महिनाभर आधी घेण्याचा पर्याय त्याच्यापुढे ठेवावा. ज्याची किंवा ज्याच्या घरातल्या कुणाची प्रतिकारशक्ती दुबळी आहे त्यानं मात्र जिवंत विषाणूची तोंडी लस घेऊ नये. लहानपणीच्या डोसांची नोंद सापडत नसेल तर डोस झालेच नाहीत असं धरून चालावं. जास्तीच्या डोसानं नुकसान होत नाही.

वेळेचा प्रश्न उरतो. निघण्याच्या आदल्या दिवशी घेतलेला डोस कागद पूर्ण करतो, शरीराला मात्र तयारीला वेळ देत नाही. म्हणून लशीचा प्रश्न विमानतळावर विचारण्यात फारसं हशील नाही. तो व्हिसाच्या अर्जात, तिकीट काढताना, परदेशी नोकरीच्या नेमणूकपत्रात विचारायला हवा, जिथे चार आठवडे हातात असतात. आणि तिथे तीनच वाक्यं हवीत. तुम्ही जिथे जात आहात तिथे पोलिओचा विषाणू फिरतो आहे. तुम्हाला त्याचा त्रास होण्याची शक्यता कमी आहे, पण तो तुमच्या पोटातून तुमच्या घरी, तुमच्या मुलांच्या शाळेत, लस न मिळालेल्या एखाद्या बाळापर्यंत येऊ शकतो. शेवटचा डोस कधी घेतलात ती तारीख इथे लिहा, आणि तिला वर्ष उलटलं असेल तर या महिन्यात घ्या.